कुमारी रेचल कार्सन : शेतांतून वाहणाऱ्या विषाचा मागोवा घेणारी विदुषी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पेनसिल्व्हेनिया म्हणून एक संस्थान आहे. तेथें अ‍ॅलेघेनी नदीच्या कांठीं, पिट्सबर्ग या पोलादाच्या शहराजवळ, स्प्रिंगडेल नांवाचें एक लहानसें गांव आहे. या गांवीं ता. २७ मे १९०७ रोजीं रेचल लुईझ कार्सन हिचा जन्म झाला. रेचल म्हणजे आपल्या मराठी पवित्र शास्त्रांतील राहेल. वडील विम्याचा धंदा करीत. परंतु त्यांत बरकत अशी कधीं आली नाहीं. आई मारियाबाई या प्रेस्बिटेरियन पाळकाच्या कन्या असून लग्नापूर्वीं शिक्षिकेचें काम करीत असत. त्या काळच्या रीतीप्रमाणें लग्न होतांच त्यांस शाळा सोडावी लागली, आणि त्यांची सारी शिक्षकवृत्ति पुढें या धाकट्या मुलीच्या वांट्यास आली.

कुटुंबाची सुमारें पासष्ट एकर जमीन होती. तींत रान व फळझाडें हींच फार. मायलेकी तेथें तासन् तास हिंडत. पक्ष्यांचीं घरटीं, ओढ्यांतील किडे, झाडांचीं पानें हीं न्याहाळून पाहत. घरांत शिरलेला किडा देखील न मारतां बाहेर नेऊन सोडावा, असा आईचा दंडक होता. नदीची अवस्था मात्र शोचनीय होती. गांवांत सरस करण्याचा कारखाना होता, त्याची दुर्गंधी घरोघर पसरे; पिट्सबर्गच्या बाजूस तर कारखान्यांच्या घाणीनें पाण्याचा रंगच पालटून जाई. मनुष्य नदीचें काय करतो हें या मुलीनें पुस्तकांत वाचण्यापूर्वीं डोळ्यांनीं पाहिलें होतें.

रेचलची पहिली गोष्ट १९१८ सालीं ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकांत छापून आली. तेव्हां ती अवघी अकरा वर्षांची होती. या वार्षिकाकडे लेख पाठविण्यास संकोच करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें हायस्कुलांत वर्गांत पहिली येऊन ती १९२५ सालीं पिट्सबर्ग येथील स्त्रियांच्या कॉलेजांत दाखल झाली. फीचे पैसे उभे करण्याकरितां आईनें पियानोच्या शिकवण्या वाढविल्या, घरांतील चिनी मातीचीं चांगलीं भांडींही विकलीं. कॉलेजांत तिनें प्रथम इंग्रजी वाङ्मय हा विषय घेतला होता. परंतु मेरी स्किंकर नांवाच्या अध्यापिकेच्या जीवशास्त्राच्या वर्गांत बसल्यावर तिनें विषय बदलला. शिक्षकाच्या हातून एखादे वेळीं किती मोठें काम होऊन जातें, आणि तें त्याचें त्याला कळतही नाहीं!

समुद्र तिनें प्रथम पाहिला तो वयाच्या बाविसाव्या वर्षीं, १९२९ च्या उन्हाळ्यांत, वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेंत गेली असतां. तेथून पुढें समुद्र हाच तिच्या आयुष्याचा विषय झाला. १९३२ सालीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची प्राणिशास्त्रांतील एम्. ए. पदवी तिनें मिळविली. डॉक्टरेट करण्याची इच्छा होती, पण ते मोठ्या मंदीचे दिवस होते. १९३५ सालीं वडील वारले आणि संसाराचा भार तिच्यावर पडला. सरकारी मत्स्यखात्यास रेडिओकरितां जलचरांविषयीं सात सात मिनिटांचे बावन्न कार्यक्रम लिहून हवे होते; तें काम तिनें पत्करलें. १९३६ सालीं खात्याची परीक्षा देऊन ती जलजीवशास्त्रज्ञ म्हणून कायम नोकरींत आली. दुसऱ्याच वर्षीं विवाहित बहीण वारली. तिच्या दोन मुली आजीच्या व मावशीच्या पदरांत आल्या. स्वतःचें लग्न तिनें केलें नाहीं.

येथून पुढें त्यांस कार्सनबाई असें म्हणणें योग्य होईल. नोकरी करीत असतां त्यांनीं समुद्रावर लेख व पुस्तकें लिहिलीं. पहिलें पुस्तक १९४१ सालीं निघालें, पण महायुद्धाच्या गर्दींत तें हरवलें. दुसरें १९५१ सालीं निघालें, आणि त्यानें मात्र त्यांचें नांव देशभर झालें. सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादींत तें शहाऐंशीं आठवडे होतें. १९५२ सालीं त्यांनीं नोकरी सोडली व मेन संस्थानाच्या किनाऱ्यावर एक छोटेखानी घर बांधलें. समुद्रावरचें तिसरें पुस्तक १९५५ सालचें. एवढ्यावर जरी त्या थांबल्या असत्या तरी चांगल्या लेखिका म्हणून त्यांची गणना झाली असती. परंतु आम्ही त्यांचें चरित्र येथें सांगत आहों तें त्यांच्या चवथ्या पुस्तकाकरितां.

त्यासाठीं डी. डी. टी. या द्रव्याची हकीकत थोडी सांगितली पाहिजे. हें द्रव्य प्रथम १८७४ सालीं तयार झालें. पण त्यानें किडे मरतात हें १९३९ सालीं पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञास आढळून आलें. दुसऱ्या महायुद्धांत इटलींतील नेपल्स शहरीं उवांमुळें पसरलेली टायफस ज्वराची सांथ या भुकटीनें आटोक्यांत आली. १९४८ सालीं म्युलर यांस नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तें योग्यच होतें. आपल्याच देशाचें पाहा. स्वातंत्र्य मिळालें त्या सुमारास हिंदुस्थानांत दरवर्षीं अदमासें साडेसात कोटी लोकांस हिवताप येई व आठ लाख मरत, घराघरांतून डी. डी. टी. फवारल्यानंतर १९६५ च्या सुमारास रोग्यांची संख्या एक लाखावर आली. ज्यानें एवढे प्राण वांचविले त्या द्रव्यास सरसकट सैतान ठरविणें न्यायाचें होणार नाहीं, आणि कार्सनबाईंनींही तसें केलें नाहीं.

परंतु युद्ध संपलें आणि घराच्या भिंतीवर मारावयाचें द्रव्य विमानांतून शेतांवर, रानांवर, तळ्यांवर पडूं लागलें. त्याच्यामागून डिल्ड्रिन, एन्ड्रिन, टॉक्साफीन अशीं त्याहून जहाल भावंडें आलीं. आमच्याकडील खेडेगांवांत या सर्वांस एकच शब्द आहे : ‘औषध’. पिकावर औषध मारलें, असें शेतकरी म्हणतो. शब्द गोड आहे, आणि त्यांतच मोठा धोका आहे. कारण औषध जास्त दिलें तर गुण जास्त येईल असें मनुष्यास सहज वाटतें. डी. डी. टी. पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, चरबींत मात्र चांगलें विरघळतें, आणि वर्षानुवर्षें नासत नाहीं. या तीन गुणांत पुढील सारा अनर्थ सांठविलेला आहे.

मत्स्यखात्यांत असतांनाच कार्सनबाईंच्या नजरेखालून या विषाच्या परीक्षेचे अहवाल जात होते. १९४५ सालीं त्यांनीं ‘रीडर्स डायजेस्ट’ मासिकास या विषयावर लेख देऊं केला होता. मासिकास तो नको होता. पुढें तेरा वर्षें तो विचार मनांत तसाच राहिला. १९५८ च्या जानेवारींत त्यांच्या एका स्नेही स्त्रीचें पत्र आलें. मॅसॅच्युसेट्स संस्थानांत डक्सबरी येथें तिनें पक्ष्यांकरितां थोडी जागा राखून ठेविली होती. आदल्या उन्हाळ्यांत डांस मारण्यासाठीं सरकारी विमानानें तिच्यावर फवारा मारला आणि पक्षी तिच्या अंगणांत तडफडून मेले. कोणी या विषयावर लिहील काय, याचा कार्सनबाई शोध करूं लागल्या. दुसरें कोणी मिळेना, तेव्हां त्यांनीं तें काम स्वतःच घेतलें.

पुढील चार वर्षें त्यांनीं जो अभ्यास केला तो एखाद्या न्यायाधीशानें साक्षी तपासाव्या तसा होता. सरकारी अहवाल, विद्यापीठांतील प्रबंध, डॉक्टरांचीं टिपणें, शेतकऱ्यांचीं पत्रें हीं सर्व त्यांनीं गोळा केलीं. पुस्तकाच्या शेवटीं पन्नासाहून अधिक पानें केवळ आधारांच्या यादीचीं आहेत. पहिल्या प्रकरणांत त्यांनीं एका कल्पित गांवाचें चित्र काढलें आहे, ज्यांत वसंत ऋतु येतो पण एकही पक्षी बोलत नाहीं. हें प्रकरण फार गाजलें. आम्हांस मात्र तें पुस्तकाचा सर्वांत दुबळा भाग वाटतें. विरोधकांना टीकेची आयती संधि त्यानेंच दिली. पुस्तकाचें खरें बळ पुढील खऱ्या हकीकतींत आहे.

त्यांपैकीं एक क्लिअर लेक या कॅलिफोर्नियांतील सरोवराची. तेथें मासे धरण्यास येणाऱ्या लोकांस एका बारीक चिलटाचा उपद्रव होई. चिलट चावत देखील नसे. पण लोकांस तें नको होतें. म्हणून १९४९, १९५४ व १९५७ सालीं डी. डी. टी.चें भावंड जें डी. डी. डी. तें सरोवरांत सोडलें. मात्रा फार विचारपूर्वक ठरविली होती : पहिल्या खेपेस सात कोटी भाग पाण्यांत विषाचा एक भाग, पुढें पांच कोटींत एक. एवढ्यानें कोणास काय बाधा होणार? पण १९५४ नंतर पाणडुबीच्या जातीचे मोठे पक्षी मरून पडूं लागले. त्यांच्या चरबीची परीक्षा केली तेव्हां दर दहा लाख भागांत सोळाशें भाग विष निघालें, म्हणजे पाण्यांत घातलें होतें त्याच्या ऐशीं हजारपट. हें झालें कसें? पाण्यांतील सूक्ष्म जीवांनीं तें थोडें थोडें अंगीं घेतलें. बारीक माशांनीं ते जीव खाल्ले. मोठ्या माशांनीं बारीक मासे. आणि पक्ष्यांनीं ते मासे. प्रत्येक पायरीवर विष सांठत गेलें, कारण चरबींत शिरलेलें तें बाहेर पडत नाहीं. इकडे सरोवराचें पाणी तपासावें तर त्यांत विषाचा मागमूसही लागेना. ज्या पक्ष्यांच्या तेथें पूर्वीं हजाराहून अधिक जोड्या होत्या, त्यांच्या १९६० पर्यंत सुमारें तीसच उरल्या.

मिशिगन येथील विद्यापीठाच्या आवारांत एल्मच्या झाडांवरील रोग हटविण्यास फवारे मारले. शरदांत पानें गळलीं, गांडुळांनीं तीं खाल्लीं, आणि दुसऱ्या वसंतांत रॉबिन पक्ष्यांनीं गांडुळें खाल्लीं व ते मेले. फवारणारा मनुष्य तेव्हां कधींच घरीं गेला होता.

शेतीच्या दृष्टीनें सर्वांत बोधप्रद हकीकत अलाबामा संस्थानाच्या उत्तरभागांतील आहे. १९५० सालीं तेथें कपाशीचीं बोंडें पोखरणाऱ्या सोंडकिड्यांचा फार जोर झाला. शेतकऱ्यांनीं टॉक्साफीन एकरीं सरासरी साठ पौंडांहून अधिक मारलें. एकट्या दुकट्यानें तर त्याच्या किती तरी पट. ऑगस्टमध्यें मुसळधार पाऊस झाला. शेतांतील पाणी चरांत, चरांतील ओढ्यांत आणि ओढ्यांतील टेनेसी नदीस गेलें. पुन्हां फवारणी, पुन्हां पाऊस, असें त्या उन्हाळ्यांत चाललें होतें, आणि ओढ्या-ओढ्यांतून मेलेल्या माशांचे थर तरंगत होते. शेतकऱ्यानें नदींत विष घातलें नव्हतें. त्यानें तें आपल्या शेतांत, आपल्या कपाशीवर, आपल्या पैशानें मारलें होतें. नदींत तें पावसानें नेलें. कारखान्याची घाण एका नळानें येते, तेव्हां त्या नळावर बोट ठेवतां येतें. शेतांतील पाणी शेंकडों बांधांवरून, दिसेल न दिसेल असें येतें, आणि म्हणून तें कोणाचेंच नसतें.

कार्सनबाईंचें मागणें काय होतें याविषयीं आजही पुष्कळ गैरसमज आहेत. कीड मारूंच नये असें त्यांचें म्हणणें नव्हतें. कोणतें द्रव्य, किती, कोठें व कशाकरितां वापरावें हें जाणत्यानें ठरवावें. ज्याच्या अंगावर तें पडणार आहे त्यास आधीं कळवावें. आणि जेथें दुसरा उपाय आहे तेथें तो आधीं करून पाहावा, एवढेंच त्या म्हणत. दुसरे उपाय त्यांनीं दाखवूनही दिले. १८८८ सालीं कॅलिफोर्नियांतील संत्र्यांच्या बागा एका पांढऱ्या किडीनें बुडावयास आल्या असतां ऑस्ट्रेलियांतून एक लहानसा चित्रांगी भुंगेरा आणून सोडला. त्यानें थोड्याच महिन्यांत कीड खाऊन बागा वांचविल्या. उलट विषानें वरचेवर फवारलेले किडे तें विष पचवूं लागतात, हेंही त्यांनीं बजावलें होतें. आपल्या देशांतील हिवतापाचा पुढचा इतिहास येथें आठवतो. डी. डी. टी. न जुमानणारे डांस निपजले. कामांतही ढिलाई आली. आणि १९७६ सालीं रोग्यांची संख्या पुन्हां चौसष्ट लाखांवर गेली.

हें सर्व लेखन कोणत्या अवस्थेंत झालें तें सांगितलें पाहिजे. १९५७ सालीं बहिणीच्या मुलींपैकीं एक वारली; तिचा पांच वर्षांचा मुलगा रॉजर कार्सनबाईंनीं दत्तक घेतला. १९५८ च्या डिसेंबरांत आई गेली. १९६० सालीं स्वतः त्यांस स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, पण रोग पसरत गेला. त्यांनीं ही गोष्ट अगदीं जवळच्यांखेरीज कोणासही कळूं दिली नाहीं. आजारी बाईनें रागानें लिहिलें असें विरोधकांनीं म्हणूं नये, हें त्याचें कारण. क्ष-किरणांच्या उपचारांनीं त्या थकून जात. कांहीं दिवस दृष्टीवरही परिणाम झाला. तेव्हां लिहिलेलें दुसऱ्याकडून वाचून घेऊन त्या दुरुस्त्या सांगत.

‘सायलेंट स्प्रिंग’ हें पुस्तक ता. २७ सप्टेंबर १९६२ रोजीं प्रसिद्ध झालें. त्याआधीं जून महिन्यांत ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकांतून त्याचे भाग आले होते, तेव्हांच गिल्ला सुरू झाला होता. हें पुस्तक त्यांनीं आफ्रिकेंतील लांबारेने येथील थोर मिशनरी डॉक्टर आल्बर्ट श्वाइट्झर यांस अर्पण केलें आहे. जिवाविषयींचा आदर हें ज्यांच्या आयुष्याचें सूत्र होतें त्या पुरुषाचें नांव अग्रभागीं यावें हें आम्हांस फार शोभून दिसतें. मनुष्यास एदेन बागेंत ठेवलें तें तिची मशागत व राखण अशा दोन्ही कामांसाठीं, हें आपण शास्त्रांत वाचतों. त्यांतील पहिलें काम आपण उत्साहानें करतों.

रासायनिक धंद्यांतील लोकांनीं पुस्तकावर जोराचा हल्ला केला. छापणाऱ्यांस फिर्यादीची धमकी आली. यांच्याजवळ डॉक्टरेट नाहीं, या बाईमाणूस असून भावनेच्या आहारीं गेल्या आहेत, यांचें ऐकलें तर पृथ्वी किड्यांच्या ताब्यांत जाईल, असें नाना प्रकारें लिहिण्यांत आलें. कार्सनबाईंनीं उलट शिवीगाळ केली नाहीं. १९६३ च्या एप्रिलमध्यें टेलिव्हिजनवरील कार्यक्रमांत लाखों लोकांनीं त्यांस पाहिलें. त्यांचें शांत, मोजकें बोलणें ऐकून पुष्कळांचें मत पालटलें. अध्यक्ष केनेडी यांनीं आपल्या शास्त्रीय सल्लागार समितीस हा विषय तपासण्यास सांगितलें होतें. तिचा अहवाल ता. १५ मे १९६३ रोजीं बाहेर आला व त्यानें कार्सनबाईंच्या म्हणण्यास पुष्टि दिली. जूनमध्यें त्या सीनेटच्या समितीपुढें साक्षीस गेल्या. तेव्हां त्यांस चालणेंही कठीण झालें होतें. ता. १४ एप्रिल १९६४ रोजीं मेरिलंड संस्थानांतील सिल्व्हर स्प्रिंग येथें त्यांचें देहावसान झालें. वय अवघें छप्पन्न वर्षांचें होतें.

त्यानंतर १९७० सालीं अमेरिकेंत पर्यावरणरक्षणाचें स्वतंत्र सरकारी खातें निघालें, व १९७२ सालीं पिकांवर डी. डी. टी. मारण्यास बंदी झाली. रोगनिवारणासाठीं तें वापरण्यास मुभा राहिली. म्हणून कार्सनबाईंमुळें जगांत हिवतापानें माणसें मेलीं असा जो आरोप कांहीं लोक करतात त्यास आधार नाहीं. हिंदुस्थानांत शेतीस बंदी १९८९ सालीं झाली, आणि येथेंही हिवतापाकरितां तें चालू ठेविलें होतें. डी. डी. टी.मुळें ज्यांच्या अंड्यांचीं कवचें पातळ होऊन फुटत, तो पांढऱ्या डोक्याचा गरुड अमेरिकेच्या मुख्य भूमीवर १९६३ सालीं पांचशेंहून कमी जोड्यांपर्यंत आला होता. २००७ सालीं त्या सुमारें दहा हजार झाल्या, व धोक्यांतील प्राण्यांच्या यादींतून त्याचें नांव काढण्यांत आलें.

शेतांतील पाण्याचा प्रश्न मात्र इतका सुटला नाहीं. १९७२ च्या जलशुद्धीच्या कायद्यानें कारखान्यांच्या व शहरांच्या नळांस परवान्याचें बंधन घातलें. ज्यास नळच नाहीं अशा शेतांतील पाण्यासाठीं १९८७ सालीं निराळें कलम घालावें लागलें, आणि तेंही बरेचसें शेतकऱ्याच्या खुषीवर अवलंबून राहिलें. आतां विषाबरोबर खतही आलें आहे. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांतील मक्याच्या शेतांत पिकास लागून उरलेलें खत नदीवाटे मेक्सिकोच्या आखातांत जातें. तेथें शेवाळ माजतें, तें मरून कुजतें, कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपतो, आणि उन्हाळ्यांत हजारों चौरस मैल समुद्रांत मासा राहूं शकत नाहीं. उपाय कांहीं अवघड नाहींत : ओढ्याच्या कांठीं गवताचा पट्टा राखणें, माती तपासून खत देणें, पाऊस येण्याच्या बेतांत असतां न फवारणें. आपल्याकडे फवारणीचा पंप ओढ्यांत विसळण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं आहे. ती एक सोडली तरी पुष्कळ होईल. विष माणसासही ओळखीत नाहीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना सुमारें वीस शेतकरी व मजूर मृत्यूमुखीं पडले आणि शेंकडों इस्पितळांत गेले. तोंडास बांधण्यास धड फडकें नाहीं, डब्यावरील सूचना वाचतां येत नाहीं, आणि पीक गेलें तर कर्ज फिटत नाहीं, अशा माणसांना दोष कसा द्यावा?

कार्सनबाईंची अर्धी रक्षा आईच्या थडग्याजवळ पुरण्यांत आली, आणि अर्धी मेनच्या किनाऱ्यावर त्यांच्या एका मैत्रिणीनें समुद्रांत सोडली. १९८० सालीं अध्यक्ष कार्टर यांनीं त्यांस स्वातंत्र्यपदक हा अमेरिकेंतील नागरिकांचा सर्वोच्च मान मरणोत्तर दिला. तो रॉजरनें स्वीकारला.